पत्त्यावर भिंत

एका जुन्या संस्थानाच्या वाड्यात दप्तरखाना होता. संस्थान विलीन झालं, तनखा बंद झाला, पागेतले घोडे गेले. कागद तेवढे राहिले. जमाखर्चाच्या वह्या, शेतसाऱ्याचे हिशेब, देवस्थानांच्या सनदा, रयतेचे अर्ज. विषयवार पुडकी केलेली, पुडकी कापडी रुमालात बांधलेली आणि रुमाल सागवानी फडताळांत रचलेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवतात, तीच रीत इथे. फडताळं चौदा, प्रत्येकाच्या दारावर पांढऱ्या रंगात आकडा.

दप्तरखाना एका विश्वस्त मंडळाकडे होता आणि कामाला माणसं तीन. शिपायाला सगळे मामा म्हणत. रुमाल शोधून आणायचा, अभ्यासकाचं काम झालं की परत जागेवर ठेवायचा, हे ते तरुणपणापासून करत आले होते. एक ताई संगणकावर नोंदी टाकत. आणि एक पोरगा होता, नुकताच पदवी घेऊन आलेला, हुशार, कामाला चलाख. डेटाबेस त्याच्या हवाली होता.

डेटाबेस मायएसक्यूएलचा. त्यात एक मोठा तक्ता, दर कागदाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत 'मार्ग' नावाचा रकाना. कागद कुठे आहे ते त्या रकान्यात असं लिहिलेलं असे:

/वाडा/फडताळ १/रुमाल ७/शेतसारा/कागद ३

तिरक्या रेघेने टप्पे पाडायची ही रीत युनिक्सच्या घराण्यातली. विंडोजवाल्यांची रेघ उलट्या अंगाला कलते, कारण १९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा सरळ तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय लिहिण्यात आधीच खर्ची पडली होती. रेघ कुठल्याही अंगाची असो, ती वाचताना माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि आपल्या गोष्टीतला सगळा घोळ त्या रेघेपाशीच आहे.

एका पावसाळ्यात फडताळ एकच्या डोक्यावरची कौलं सरकली. मामांनी दोन गडी घेतले, रुमाल उतरवले, फडताळ अंगणापलीकडच्या नव्या खोलीत नेलं आणि दिवेलागणीपर्यंत सगळे रुमाल पुन्हा जागच्या जागी रचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे विश्वस्त नाना आले, खोली पाहून खूश झाले आणि पोराला म्हणाले, "आता संगणकातही हलवून टाक. तुझं काय, एका बटणाचं काम."

पोराने लगेच क्वेरी लिहिली. ज्या ओळींचा मार्ग '/वाडा/फडताळ १' असा सुरू होतो त्या लाइक लावून धरायच्या आणि त्यांतल्या '/वाडा/'च्या जागी रिप्लेसने '/नवी खोली/' बसवायचं. लाइकला शोधायला दिलं ते असं: '/वाडा/फडताळ १%'. टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ, इथून पुढे काहीही चालेल. क्वेरी चालली. पडद्यावर आलं की १९,४०६ ओळी बदलल्या. किती बदलायला हव्यात हे त्याने आधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे एवढा मोठा आकडा बघून त्याला बरंच वाटलं.

मायएसक्यूएलच्या आज्ञा द्यायच्या साधनात एक सोय आहे. ती चालू केली की व्हेअर न लावता, म्हणजे कोणत्या ओळी ते न सांगता, अख्खा तक्ता बदलणारी आज्ञा ते साधन परतवतं. करणाऱ्यांनी त्या सोयीला दुसरं एक नाव ठेवलं आहे: 'आय अ‍ॅम अ डमी'. नाव झकास आहे, पण इथे तिचा उपयोग नव्हता. पोराने व्हेअर लावलं होतंच. ते अर्धं होतं, एवढंच.

दुपारी एक अभ्यासक बाई आल्या. त्यांना देवस्थानाच्या एका सनदेचा मूळ कागद बघायचा होता. ताईंनी संगणकातून चिठ्ठी काढून मामांच्या हातात दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: नवी खोली, फडताळ १२, रुमाल ४. मामा गेले आणि थोड्या वेळाने हात हलवत परत आले.

"साहेब, ह्या पत्त्यावर भिंत आहे," ते पोराला म्हणाले.

"म्हणजे काय मामा?"

"नव्या खोलीत फडताळ एकच. एक नंबरचं. त्याच्या बाजूला भिंत. बारा नंबर वाड्यातच आहे, जिथे आजवर होतं तिथे. मी आत्ता बघून आलो."

पोराने तक्ता उघडला. नव्या खोलीत फडताळ १ गेलं होतं. सोबत १०, ११, १२, १३ आणि १४ ही पाचही गेली होती. २ ते ९ तेवढी वाड्यात राहिली. त्याने क्वेरी दोनदा वाचली तरी चूक दिसेना, कारण त्याच्या डोळ्यांना 'फडताळ १' हे एक पूर्ण नाव दिसत होतं. डेटाबेसला नाव कळत नाही, अक्षरं कळतात. 'फडताळ १'नंतर काहीही चालेल असं सांगितल्यावर शून्यही चाललं, दोनही चाललं, चारही चाललं.

मामांना क्वेरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घोळ काय झाला हे पोराने समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, मी दारावर एकचा आकडा बघतो तेव्हा त्याच्या पुढची जागाही बघतो. पुढे कोरी जागा असली तर ते एक. पुढे आणखी आकडा असला तर ते दुसरंच फडताळ. नाव अर्धं वाचून दार उघडू नये."

आपल्या गोष्टीचं तात्पर्य मामांच्या ह्याच वाक्यात आलं. बाकीची गोष्ट त्याची किंमत मोजण्याची आहे.

पोराच्या मनात पहिला विचार आला तो उलट क्वेरीचा. '/नवी खोली/'च्या जागी पुन्हा '/वाडा/' घालू, सगळं होतं तसं होईल, मग नीट करू. त्याचे हात कीबोर्डवर गेले तेवढ्यात ताई म्हणाल्या, "थांबा. सकाळपासून मी नव्या खोलीतल्याच नोंदी टाकतेय. फडताळात वरचा कप्पा मोकळा होता म्हणून देणगीत आलेले रुमाल तिथे ठेवलेत ना? तेही जातील वाड्यात?"

गेले असते. एकदा दोन पत्त्यांचे कागद एका पत्त्याखाली आले की कोणता कुठून आला हे पत्त्यावरून सांगता येत नाही. रिप्लेसला 'आधी काय होतं' याची आठवण नसते. क्वेरी चालवण्यापूर्वी व्यवहार सुरू केला असता, म्हणजे 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' म्हटलं असतं, तर आकडा बघून 'रोलबॅक' म्हणता आलं असतं. पण मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की करण्याची सोय मुळातच चालू असते, आणि ती कुणी बंद केली नव्हती.

शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप काढावा लागला. ताईंनी सकाळी टाकलेल्या नव्या नोंदींचे क्रमांक रात्रीच्या शेवटच्या क्रमांकाहून मोठे होते, म्हणून त्या वेगळ्या काढून वाचवता आल्या. पण त्याच सकाळी त्यांनी जुन्या नोंदींतल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्याही केल्या होत्या, त्या गेल्या. ताई पोराला काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या दुरुस्तीपासून पुन्हा सुरुवात केली. बोलल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या खेपेला पोराने घाई केली नाही. आधी त्याने लाइकमध्ये रेघ घातली: '/वाडा/फडताळ १/%'. एक तिरकी रेघ वाढली आणि दहा ते चौदा ही फडताळं आपोआप बाहेर राहिली. काहीही न बदलता त्याने नुसत्या ओळी मोजल्या: ३,१०४. मग तो मामांकडे गेला.

"मामा, एक नंबरच्या फडताळात रुमाल किती?"

"एक्केचाळीस. परवा माझ्याच हातांनी उतरवले."

डेटाबेसमध्ये रुमाल किती आहेत हे काढायला मार्गाचे तुकडे करावे लागले. ह्या कामात प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी. पोस्टग्रेसमध्ये स्प्लिट-पार्ट म्हणून फंक्शन आहे, त्याला रेघ सांगायची आणि कितवा तुकडा हवा ते सांगायचं. चौदाव्या आवृत्तीपासून उणे आकडा दिला की ते शेवटाकडून मोजतं. ओरॅकलमध्ये इन्स्ट्रला उणे एक दिलं की तो मागून शोधत येतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर शेवटची रेघ शोधायला लोक सगळा मार्ग उलटा करतात, पहिली रेघ कितवी ते बघतात आणि उजवीकडून तेवढी अक्षरं, एक कमी करून, उचलतात. मार्गात रेघच नसली तर शोधाचं उत्तर शून्य येतं, शून्यातून एक वजा होतो आणि उणे एक अक्षर कापायला सांगितलं म्हणून क्वेरी अडून बसते. हजारो ओळींत एक ओळ बिनरेघेची असली तरी पुरे. मला ही युक्ती कितीही वेळा पाहिली तरी थोडी केविलवाणी वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे.

आपल्या पोराकडे सबस्ट्रिंग-इंडेक्स होतं. ते कितव्या रेघेपर्यंतचा मजकूर हवा ते विचारतं. वाडा, फडताळ, रुमाल, असे मोजून त्याने तीन सांगितले आणि प्रत्येक ओळीत 'फडताळ १' हाती आलं. मार्ग रेघेने सुरू होतो, त्यामुळे पहिल्या रेघेआधी एक रिकामा तुकडा असतो आणि तोही मोजला जातो. तीनचे चार केले तेव्हा रुमाल मिळाले. वेगवेगळे रुमाल मोजले तर चाळीस.

"एक्केचाळीस," मामा म्हणाले. "माझा आकडा चुकणार नाही."

मग शोधाशोध. हरवलेला होता रुमाल २३. त्याच्या ओळींत मार्ग असा होता:

/वाडा//फडताळ १/रुमाल २३/पागा/कागद १

कुणाचं तरी बोट एकदा जास्त पडलं होतं आणि पुढच्या सगळ्या ओळींत तेच नक्कल होत गेलं. लिनक्सला हा पत्ता दिला असता तर त्याने लागून आलेल्या दोन रेघा एकच समजून फाइल उघडून दिली असती, आणि चिठ्ठी वाचणाऱ्या माणसालाही जास्तीची रेघ खुपत नाही, म्हणूनच आजवर कुणाची तक्रार नव्हती. लाइक मात्र असं काही समजून घेत नाही. त्याच्या लेखी तो वेगळाच पत्ता. पोराने त्या ७६ ओळी आधी दुरुस्त केल्या, मग पुन्हा मोजलं. रुमाल एक्केचाळीस, ओळी ३,१८०.

पुडक्यांची यादी काढली तर त्यात 'शेतकऱ्यांचे अर्ज' हे पुडकं एकाखाली एक दोनदा आलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखी. तक्ता जुन्या तुलनापद्धतीवर चालत होता आणि त्याला ती दोन वेगळी होती. एका कीबोर्डवरून 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर पडलं होतं. दुसऱ्यावरून साधा 'र', हलन्त आणि त्यांना जोडून धरणारं एक न दिसणारं चिन्ह. दिसायला तोच आडवा रफार. ज्यांच्या तक्त्यांत दऱ्या, पायऱ्या आणि शेतकरी आहेत त्यांना हे कधी ना कधी भेटतंच. ताईंनी एक रूप ठरवलं, पोराने सगळीकडे तेच केलं.

आता खुद्द बदल. पहिल्या दिवशी रिप्लेसने आणखी एक खोडी केली होती, ती बॅकअप परत आणायच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. रुमाल ७ मध्ये एका पुडक्याचं नावच 'वाडा' होतं: वाड्याच्या दुरुस्तीचे, चुन्याचे, गवंड्यांच्या मजुरीचे हिशेब. त्याचा मार्ग

/वाडा/फडताळ १/रुमाल ७/वाडा/कागद १

रिप्लेस पहिल्या ठिकाणी थांबत नाही. सापडेल तिथे बदलतं. त्यामुळे ह्या कागदांचा पत्ता झाला होता '/नवी खोली/फडताळ १/रुमाल ७/नवी खोली/कागद १', आणि गेल्या शतकातल्या गवंड्यांची मजुरी अशा पुडक्यात जाऊन बसली होती जे कुणी कधी बांधलंच नव्हतं. मामा ते शोधायला निघाले असते तर त्यांना कुठली भिंत लागली असती कोण जाणे.

म्हणून पोराने रिप्लेस सोडलं. मार्गाच्या सुरुवातीचा '/वाडा/' एवढा भाग मोजून कापायचा आणि उरलेल्याच्या आधी '/नवी खोली/' जोडायचं असं त्याने ठरवलं. किती कापायचं ते लेंग्थ फंक्शनला विचारलं. आणि ह्या वेळी बदल न करता जुना मार्ग आणि होऊ घातलेला मार्ग शेजारी शेजारी छापून घेतले, त्यांतल्या दहा चिठ्ठ्या मामांना दिल्या. चिठ्ठ्या स्वच्छ होत्या:

/नवी खोली/रुमाल ७/शेतसारा/कागद ३

मामांनी पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. "खोली आहे, रुमाल आहे. फडताळ कुठे गेलं?"

हे फार फसवं प्रकरण आहे, जरा थांबून बघण्यासारखं. '/वाडा/' यात अक्षरचिन्हं सहा: दोन रेघा, व, काना, ड, काना. पण मायएसक्यूएलचं लेंग्थ चिन्हं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये रेघेला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. दोन आणि बारा, चौदा. सबस्ट्रिंग मात्र चिन्हं मोजून कापतं. सहाऐवजी चौदा चिन्हं कापली गेली. म्हणजे आठ जास्त. आणि 'फडताळ १/' यात, मधली मोकळी जागा आणि शेवटची रेघ धरून, बरोबर आठ चिन्हं आहेत. कात्री एका पूर्ण टप्प्यावरून फिरली आणि काप इतका नेटका पडला की कुठे काही तुटल्याचं चिन्ह नाही. 'डताळ' किंवा 'ळ १' असं काही लोंबत राहिलं असतं तर कुणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं. नव्या खोलीत सध्या फडताळ एकच असल्याने मामांना कागदही सापडला असता. घोटाळा उघडा पडायला दुसरं फडताळ तिथे येईपर्यंत वाट पाहावी लागली असती, आणि तोवर बॅकअप कधीच पुसून गेला असता.

इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यावर काम शिकलेल्याला हे सुचणं कठीण. तिथे चिन्ह आणि बाइट यांचा आकडा सारखाच येतो. चिन्हं मोजणारं फंक्शन कॅर-लेंग्थ. पोराने ते घातलं, पुन्हा दहा चिठ्ठ्या काढल्या. मामा दहाही ठिकाणी जाऊन आले.

मग त्याने 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' म्हटलं, बदल चालवला, ३,१८० हा आकडा ताईंकडून मोठ्याने वाचून घेतला आणि 'कमिट' केलं.

विश्वस्त संध्याकाळी आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी जे म्हणायचं तेच म्हटलं: "अरे, मामांनी खरं फडताळ एका दिवसात हलवलं. तुझं संगणकातलं हलायला जास्त वेळ?"

पोरगा गप्प राहिला. मामा म्हणाले, "नाना, मी फडताळ हलवलं. एकेका कागदावर नवा पत्ता घालत बसलो नाही."

नानांना हे नुसतं बोलणं वाटलं. पोराला मात्र ते लागलं आणि दोन दिवस पुरलं. खऱ्या दप्तरखान्यात कागदाला एवढंच ठाऊक असतं की आपण अमुक पुडक्यात आहोत. पुडक्याला रुमाल ठाऊक, रुमालाला फडताळ, फडताळाला खोली. फडताळ उचललं की आतलं सगळं मुकाट त्याच्याबरोबर जातं. संगणकात मात्र ३,१८० ओळींपैकी प्रत्येक ओळ अख्खा पत्ता स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या डेटाबेसचा विचार मांडला, त्यात एका खणात एकच गोष्ट असावी असा आग्रह होता. 'मार्ग' ह्या एका खणात खोली, फडताळ, रुमाल, पुडकं आणि कागद अशा पाच गोष्टी कोंबल्या होत्या, आणि त्यांना वेगळं ठेवणारी रेघ डेटाबेसला रेघ म्हणून माहीतच नव्हती. ह्यात पोराचा दोष नाही. तो रकाना त्याच्या आधी कुणीतरी आखला होता, आणि तेव्हा फडताळं हलतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्याने 'जागा' नावाचा वेगळा तक्ता केला. प्रत्येक खोली, फडताळ, रुमाल, पुडकं यांची एकेक ओळ आणि शेजारी तिच्या थेट वरच्या जागेचा क्रमांक. कागदाच्या ओळीत फक्त पुडक्याचा क्रमांक. पूर्ण पत्ता हवा असेल तेव्हा 'विथ रिकर्सिव्ह' वापरून पुडक्यापासून एकेक पायरी वर चढत जायचं. एसक्यूएलच्या प्रमाणात ही सोय १९९९ पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये यायला २०१८ ची आठवी आवृत्ती उजाडावी लागली, आणि दप्तरखान्यात सुदैवाने तीच होती.

जुना 'मार्ग' रकाना त्याने काढून टाकला नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. अभ्यासक रोज शोध घेतात. फडताळ हलतं पिढीतून एकदा. सुरुवातीपासून ठाऊक असलेला मार्ग शोधायचा तर लाइकला इंडेक्सचा आधार मिळतो आणि उत्तर झटक्यात येतं. टक्क्याचं चिन्ह पुढच्या टोकाला ठेवून शोधलं, म्हणजे 'काहीही चालेल'ने सुरुवात केली, तर तो आधार सुटतो आणि सगळा तक्ता चाळावा लागतो. म्हणून रकाना राहिला, पण हाताने लिहिणं बंद झालं. आता 'जागा'वरून तो भरला जातो. प्रत्येक मार्ग रेघेने सुरू व्हावा, जागेचा मार्ग रेघेनेच संपावा आणि दोन रेघा लागून येऊ नयेत, अशी अट त्याने तक्त्यावर घातली. अट घालण्याआधी आवृत्ती नीट बघून घेतली. ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल अशी अट मान डोलावून ऐकून घेई आणि पाळत काहीच नसे. येणाऱ्याला सलाम ठोकून आत सोडणाऱ्या रखवालदारासारखं.

आकड्यांचीही एक जुनी तक्रार होती. छापील यादीत फडताळ १ नंतर १०, ११ अशी १४ पर्यंत येत आणि मग २, कारण अक्षर म्हणून लावलं की तसंच लागतं. मामा वर्षानुवर्षं त्या यादीप्रमाणे वाड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालत होते आणि ती संगणकाची रीत असेल असं समजत होते. पोराने आकडा वेगळ्या रकान्यात आकडा म्हणून ठेवला. यादी सरळ झाली.

ताईंना आता मार्ग टाइप करावा लागत नाही. त्या खोली निवडतात, मग फडताळ, मग रुमाल. सुरुवातीला त्यांना ते संथ वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलंही. टाइप करताना हात आपोआप चालत असे.

पुढच्या पावसाळ्यात फडताळ ५ आणि ६ नव्या खोलीत आली. 'जागा'मध्ये दोन ओळी बदलल्या, मार्गाचा रकाना नव्याने भरला गेला, आणि दहा ते चौदाच काय, कुठलंच दुसरं फडताळ जागचं हललं नाही. पोराने आकडे दाखवले तरी मामांनी चिठ्ठ्या मागितल्याच. नऊ कागद सांगितल्या जागी मिळाले. दहावा रुमालात नव्हता. मामांनी जुनी बाडं उलटून सांगितलं की तो संस्थान असतानाच कुणा कारभाऱ्याने वाचायला म्हणून नेला होता.